जमिनीवरची विमानविद्या

आमच्या बीड जिल्ह्यात विमानतळ नाही. बीड शहरात आगगाडी आली तीच मुळी २०२५ सालच्या १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाचा मुहूर्त साधून. त्याआधी पुष्कळ वर्षे जिल्ह्यात रूळ पाहावयाचे तर परळीच्या बाजूला जावे लागे. अशा गावी ओसरीवर बसून कोणी विमान चालविण्याच्या परवान्याचा अभ्यास करीत आहे असे सांगितले, तर ऐकणारा प्रथम हसतो आणि मग खर्च किती येतो ते विचारतो. माझा भाचा गेले आठ महिने माझ्या ओसरीवर हाच अभ्यास करीत आहे. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकविले. विमानात मी एकदाच बसलो, तेही खिडकीपासून दूर. पण गणित मामाला येते एवढ्या भांडवलावर हा मुलगा वडवणीहून आपली पुस्तके घेऊन माझ्याकडे राहावयास आला, आणि त्याच्या निमित्ताने मलाही या विद्येचा इतिहास चाळावा लागला. तो चाळताना एक गोष्ट मनाला लागली. विमानांच्या आपण ज्या गोष्टी सांगतो त्या सगळ्या आकाशातल्या असतात. जमिनीवर बसून, वही-पेन्सिल घेऊन ज्यांनी ही विद्या हस्तगत केली, त्यांची गोष्ट मराठीत फारशी कोणी सांगितलेली नाही.

भाच्याला हवा आहे तो खाजगी वैमानिकाचा परवाना. स्वतःच्या हौशीसाठी विमान चालविता येते, पैसे घेऊन नव्हे. वय सतरा पूर्ण हवे, डॉक्टरांचा दाखला हवा, किमान ४० तासांचे उड्डाण हवे, आणि त्याबरोबर लेखी परीक्षा. तिचे विषय चार: हवाई कायदा, हवामान, मार्गनिर्देशन, आणि विमान व त्याचे इंजिन. उत्तीर्ण होण्यास शेकडा ७० गुण लागतात. आमच्या वेळी ३५ला पोरे पेढे वाटीत, हे मी त्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मामा, पस्तीस टक्क्यांचा वैमानिक तुम्हाला चालेल का?" मी गप्प बसलो.

प्रारंभी या परीक्षेचा जाच नव्हता. पहिल्या महायुद्धापूर्वी युरोपात परवाना मिळे तो विमान उचलून, वळवून, ठरल्या जागी उतरवून दाखविले म्हणजे. पुस्तकाचा संबंध नव्हता. १९१९ साली पॅरिस येथे राष्ट्रांचा हवाई करार झाला. त्याच्या एका पुरवणीत वैमानिकाची लायकी प्रथमच नियमांत बांधली गेली. एकमेकांपासून ५०० मीटरवर उभ्या केलेल्या दोन खांबांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या पाच फेऱ्या घालावयाच्या, इंजिन बंद करून घसरत उतरावयाचे, आणि शेवटी तोंडी-लेखी थोडेसे: दिवे व खुणा यांचे नियम, आकाशातील रहदारी, आंतरराष्ट्रीय कायदा. वाऱ्याचे गणित नाही, ढगांचे नाव नाही. पुढे विमाने लांब जाऊ लागली, धुक्यात आणि डोंगरांत कोसळू लागली, तसतशी अभ्यासाची यादी वाढत गेली. आज भाच्यासमोर जो ग्रंथांचा ढीग आहे त्यातील पुष्कळ नियमांच्या मागे कोणाचा तरी अपघात उभा आहे.

हिंदुस्थानात ही विद्या शिकविण्याची सोय १९२७ नंतर झाली. दिल्ली, कराची, कलकत्ता, मुंबई येथे उड्डाण-मंडळे निघाली. सरकारने त्यांना मॉथ जातीची हलकी विमाने आणि अनुदान दिले. मुंबईच्या मंडळाचे मैदान जुहूला. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळालेला परवाना हा या देशात दिलेला क्रमांक एकचा परवाना. त्यांनीच १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले, आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीवरून मद्रासला नेले. जवळ बिनतारी यंत्र नाही, वाटेत दिशा सांगणारे कोणी नाही. होकायंत्र, नकाशा आणि खाली दिसणारी जमीन. या टपालसेवेची एक हकीगत मला फार आवडते. पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी शिरे, म्हणून विमाने, सामान, माणसे असा सारा संसार पुण्याला हलवावा लागे. हवामान हा विषय परीक्षेत का आला, याचे उत्तर त्या चिखलात आहे. योगायोग असा की सरकारी हवामान खात्याचे मुख्य ठाणेही १९२८ साली सिमल्याहून पुण्यालाच आले होते.

बीडच्या वाट्याला यातले काय आले? काही नाही. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. निजामाला विमानांचे वावडे होते असे मात्र नव्हे. पहिल्या महायुद्धात त्याने दिलेल्या पैशातून ब्रिटिशांच्या एका तुकडीची विमाने सजली; त्या ११० क्रमांकाच्या तुकडीला हैदराबादचे नाव मिळाले आणि विमानांवर देणगीदार म्हणून निजामाचा उल्लेख झळकला. दुसऱ्या महायुद्धात १५२ क्रमांकाच्या तुकडीलाही तेच नाव होते. बेगमपेठेस विमानतळ झाला, एरो क्लब निघाला, युद्धकाळात तेथे हवाई दलाची प्राथमिक उड्डाणशाळा चालली. या पैशात बीड, गेवराई, पाटोद्याच्या शेतसाऱ्याचाही वाटा होता. परंतु तेथल्या मुलाने बेगमपेठेच्या त्या शाळेपर्यंत पोहोचावयाचे कसे? वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने विज्ञान, वैद्यक, अभियांत्रिकी उर्दूतून शिकविण्याचा घाट घातला, त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते चालविले आणि पुस्तकांमागून पुस्तके काढली. आम्हा मराठी माणसांना त्या राजवटीविषयी प्रेम वाटण्याचे कारण नाही. पण एखाद्या भाषेत विज्ञान आणावयाचे तर पगारी माणसे बसवून वर्षानुवर्षे ते काम करावे लागते, ही गोष्ट त्या खात्याला कळली होती. १९४८च्या सप्टेंबरात राज्य गेले, उर्दूही गेली. उड्डाणविद्येच्या बाबतीत तिच्या जागी मराठी आली नाही, इंग्रजी आली.

येथे तळपद्यांचा विषय काढणे भाग आहे, कारण मराठी माणसापुढे विमान हा शब्द उच्चारला की तो १८९५ सालच्या गिरगाव चौपाटीवर जाऊन पोहोचतो. शिवकर बापूजी तळपदे यांनी राईट बंधूंच्या आठ वर्षे आधी तेथे विमान उडविले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्यावर चित्रपट निघाला. २०१५च्या जानेवारीत मुंबईत भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्येही प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला. तळपदे जिज्ञासू होते, जुने ग्रंथ वाचून प्रयोग करणारे होते, याबद्दल त्यांचा मान ठेवावा. परंतु त्या उड्डाणाचा भरवशाचा समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. आणि या कथेशी ज्याचे नाव जोडले जाते तो 'वैमानिकशास्त्र' नावाचा संस्कृत ग्रंथ बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील पाच अभ्यासकांनी १९७४ साली ओळीओळीने तपासला. तो १९०४ नंतरचा आहे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. त्यांनी टिंगल केली नाही. वजन, पंख, वेग यांचा हिशेब मांडला. भाच्याच्या पुस्तकातला पहिला धडाही नेमका तोच हिशेब शिकवितो.

आता दुसरे नाव घेतो. विष्णु माधव घाटगे. हे नाव ऐकलेला मनुष्य मला बीडमध्ये अद्याप भेटलेला नाही, आणि मीही ते वर्षापूर्वी ऐकले नव्हते. १९०८ साली जन्मलेला, कोल्हापूरकडचा हा गृहस्थ १९३०नंतरच्या वर्षांत जर्मनीत गटिंगेनला गेला आणि लुटविग प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टर झाला. प्रांट्ल म्हणजे या शास्त्राचे मूळपीठ. पंखाच्या पृष्ठभागाला चिकटून हवेचा जो अगदी पातळ थर असतो, त्यातच घर्षणाचे सगळे रहस्य आहे, हे त्यांनी १९०४ साली मांडले. हवेच्या वाहण्याचे गणित तोवर कागदावर सुंदर आणि व्यवहारात निरुपयोगी होते. ते या थरामुळे कामास आले. घाटगे ही विद्या घेऊन परत आले आणि बंगलोरच्या हिंदुस्थान विमान कारखान्यात त्यांनी विमानांचे आराखडे केले. १९५१ साली त्यांचे एच.टी.-२ हे शिकाऊ विमान उडाले. १९५८ साली उडाले ते पुष्पक: दोन माणसांचे, वर पंख असलेले, ९० अश्वशक्तीचे, लाकूड, धातू व कापड यांचे साधे विमान. त्याची धाटणी अमेरिकेतील एरॉन्का विमानाची, हे लपविण्याचे कारण नाही. देशभरच्या उड्डाण-मंडळांत किती तरी वर्षे मुले या पुष्पकात बसून शिकली.

रामायणातले नाव आणि गटिंगेनचे गणित! रावणाचे पुष्पक कसे उडे याचा शोध घेण्यात आपण जेवढा वेळ घातला, त्याचा दहावा हिस्सा घाटग्यांच्या पुष्पकाकडे वळविला असता, तर त्या माणसाचे एखादे चांगले मराठी चरित्र आज शाळेच्या ग्रंथालयात असते.

असो. भाच्याच्या अभ्यासाकडे वळतो, कारण खरी गंमत तेथे आहे. पहिल्या आठवड्यात तो हवाई कायद्यावर अडला. दोन विमाने समोरासमोर आली तर दोघांनीही उजवीकडे वळावे असा नियम आहे. बीडच्या जालना रोडवर मोटारसायकल चालविणारा मुलगा. त्याचे हात डावीकडे जाणार! तीनदा चुकला. मी त्याला सांगितले की हा नियम रस्त्यावरचा नाही, समुद्रावरचा आहे. जहाजे असेच वागतात, आणि विमानांनी आपले कायदे, वेगाचा नॉट, अंतराचा सागरी मैल, सारे जहाजांकडूनच उचलले. मूळ कळल्यावर तो पुन्हा चुकला नाही. याआधी तो ज्या शिकवणीवर्गाला जात असे तेथे फक्त जुने प्रश्न आणि त्यांची उत्तरे पाठ करून घेत.

पंख विमानाला कसा उचलतो याविषयी तर पुष्कळ पुस्तकांतही गोंधळ आहे. वरची हवा लांबच्या वाटेने जाते, तिला खालच्या हवेबरोबर पलीकडे पोहोचावयाचे असते म्हणून ती वेगाने धावते, असे सांगतात. हवेच्या दोन कणांनी एकाच वेळी पोहोचण्याचा करार कोठे केला आहे? प्रत्यक्षात वरची हवा खालच्या हवेच्या आधीच पलीकडे पोहोचते. पंख हवेला खाली लोटतो आणि हवा त्याला वर. वरच्या बाजूचा कमी झालेला दाब हा त्याच व्यवहाराचा दुसरा हिशेब. पंखाचा वाऱ्याशी असलेला कोन वाढवीत नेला तर सुमारे १५-१६ अंशांपर्यंत उचल वाढते, आणि मग एकाएकी हवा पृष्ठभागापासून सुटते व आधार जातो. संक्रांतीला पतंग उडविलेल्या पोराला हा कोन समजावून सांगावा लागत नाही.

पण मराठवाड्याच्या माणसाने सर्वांत आधी शिकावा तो धडा उन्हाचा. औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे. मे महिन्यात दुपारी पारा ४० अंशांवर गेला की हवा पातळ होते. गणित केले तर ती हवा प्रमाण मानलेल्या हवेतील सुमारे साडेपाच हजार फूट उंचीइतकी विरळ भरते. म्हणजे विमान उभे असते चिकलठाण्याला, पण त्याच्या पंखांना व इंजिनाला वाटते की आपण कळसूबाईच्या शिखरावर आहोत. इंजिनाची ताकद घटते, धावपट्टी जास्त लागते, चढ मंदावतो. पहाटे दोघांना घेऊन उठलेले विमान दुपारी त्याच दोघांना घेऊन कुंपणापाशी अडेल. पुस्तकात हा विषय दोन पानांत संपतो, कारण ती पुस्तके थंड देशांत लिहिलेली. आम्ही त्यावर दहा दिवस घालविले.

हवामानाचे प्रकरण मात्र माझ्या बहिणीच्या घरी कोणालाच नवे नाही. आमचा जिल्हा पर्जन्यछायेतला. ढग पाहून जगण्याची सवय आहे. २०१५ साली आणि पुन्हा २०१९ साली कृत्रिम पावसासाठी औरंगाबादहून विमाने उडाली, तेव्हा शेतात उभे राहून माना वर करणाऱ्यांत भाचा होता. वैमानिक ढगांत क्षार सोडतात एवढेच लोकांना ठाऊक. कोणता ढग निवडावयाचा, त्यात वर चढणारा झोत कोठे असतो, कोणत्या ढगापासून प्राण वाचवून पळावयाचे, हे सारे त्या वैमानिकाने आधी जमिनीवर वाचलेले असते. पाऊस किती पडला यावर पुष्कळ वाद झाले. या पोराच्या डोक्यात मात्र हे वेड तेव्हापासून शिरले.

शेवटचा विषय मार्गनिर्देशन, आणि तो माझा. आम्ही नकाशावर औरंगाबाद ते लातूर अशी रेघ ओढली. अंतर १०६ सागरी मैल, म्हणजे सुमारे १९६ किलोमीटर; दिशा उत्तरेपासून १४५ अंश. रेघ गेवराईच्या पूर्वेस गोदावरी ओलांडते, वडवणीवरून जाते, धारूर उजव्या हाताला टाकते, केज आणि अंबाजोगाई यांच्यामधून निसटते. आता विमानाचा वेग ९० नॉट धरा आणि पश्चिमेचा वारा २० नॉटचा. नाक सरळ १४५ अंशांवर ठेवून निघालात तर वारा तुम्हाला डावीकडे रेटीत नेईल आणि लातूर यावयाच्या वेळी तुम्ही त्याच्या ईशान्येला सुमारे ३० किलोमीटरवर, चाकूरच्या बाजूच्या शेतांवर असाल. म्हणून नाक दहा-साडेदहा अंश उजवीकडे वळवावयाचे, म्हणजे साधारण १५५वर. वारा मागूनही थोडा ढकलतो, त्यामुळे जमिनीवरचा वेग १०० नॉट पडतो आणि प्रवासाला ६४ मिनिटे लागतात. वारा कोठून येतो ते सांगावयाचे की कोठे जातो ते, यात शहरातली मुले चुकतात म्हणे. खळ्यावर उपणताना वाऱ्याकडे पाहिलेल्या घरातला मुलगा चुकत नाही. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा, हे आपली भाषाच सांगते. होकायंत्राची सुई आणि खरी उत्तर यांतील फरकही वजा करावा लागतो. आपल्या भागात तो एका अंशाहून कमी आहे. या चुंबकी मोजमापासाठी मुंबईला कुलाब्यास वेधशाळा होती. विजेच्या ट्रामगाड्या सुरू होणार, त्यांनी सुया बिघडतील, म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला नेले.

हा वाऱ्याचा त्रिकोण सोडवावयास 'साइन' लागते. भाचा यंत्रावर बोट दाबतो. मी त्याला विचारले, हा शब्द आला कोठून? मूळ आपला शब्द 'ज्या', म्हणजे धनुष्याची दोरी. तो अरबांकडे गेला, तेथे त्याचे रूप बदलले, लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्याने त्याचा भलताच अर्थ घेतला, आणि तो साइन होऊन परत आला. ज्यांचे कोष्टक अधिक सूक्ष्म करणारे आणि गोल पृथ्वीचे गणित 'गोलाध्याया'त मांडणारे भास्कराचार्य, त्यांनी आपले गाव विज्जडवीड म्हणून सांगितले आहे. ते गाव म्हणजे बीड, असे काही विद्वान मानतात. कोणी विजापूर म्हणतात, कोणी चाळीसगावजवळचे पाटण. बीडकर म्हणून माझा कल कोठे आहे हे सांगावयास नको, पण पाटणचा पुरावा जड आहे. डॉक्टर भाऊ दाजींनी तेथील शिलालेख उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी तेथे मठ स्थापन केला आणि त्याच्या खर्चासाठी देणग्या मिळाल्या, असे त्यात आहे. १२०७ सालची ही गोष्ट. एका शास्त्राच्या अभ्यासासाठी घर, गुरू आणि उत्पन्न, तिन्हींची तरतूद!

आज महाराष्ट्रात बारामतीला, धुळ्याला, गोंदियाला उड्डाण शिकविणाऱ्या संस्था आहेत. अमोल यादव यांच्यासारख्या वैमानिकाने कांदिवलीच्या आपल्या गच्चीवर विमान बांधले आणि २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंदही झाली. पोरे येतात, पैसे उभे करतात, कर्ज काढतात. पण परीक्षेची भाषा इंग्रजी, पुस्तके इंग्रजी, आकाशात बोलावयाचे तेही इंग्रजीत. शेवटची गोष्ट योग्यच आहे. वैमानिकाला मद्रासी नियंत्रकाशी आणि जर्मन वैमानिकाशी बोलावयाचे असते. समजून घेण्याची भाषा मात्र निराळी असू शकते. आम्ही दोघांनी आठ महिने हा विषय मराठीत केला. एकही संज्ञा अशी निघाली नाही की जी समजावून सांगता आली नाही. उत्तर तो इंग्रजीत लिहितो. आमच्या वह्या पाच झाल्या आहेत, अक्षर त्याचे, आकृत्या माझ्या. त्या छापाव्यात असे तो म्हणतो; मी म्हणतो आधी परीक्षा दे, वैमानिकाच्या हातून तपासून घे, मग पाहू.

गेल्या महिन्यात माझी बहीण वडवणीहून आली होती. ती नकाशावर वाकून पाहत राहिली. मुलाला म्हणाली, "घरावरून जाशील तेव्हा मला कसं कळायचं?" त्याने पट्टी लावली, वडवणीपाशी पेन्सिलीने बारीक खूण केली आणि गणित मांडले. ६४ सागरी मैल. वारा तोच राहिला तर चिकलठाण्याहून उठल्यापासून ३८ मिनिटे. मी म्हटले, चढण्याचा वेळ धरला नाहीस. त्याने खोडले आणि पुन्हा पहिल्यापासून मांडावयास घेतले.